मरणाला हजर

शनिवारी भर बाजारात झेब्रॉन माक्वाक्वा माझ्याशी अदबीने बोलला, आणि तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलं. तो आमचा खासदार. मतदानाला बारा दिवस उरले होते, त्यामुळे पाच वर्षांत न दिसलेला माणूस आठवड्यात तिसऱ्यांदा दिसत होता. मी सुक्या मासळीच्या ओळीत कापेंता निवडत उभी होते. गाडीतून उतरून तो लोकांशी हात मिळवत मिळवत आला. पुढे दोन ढोल, मागे त्याचाच चेहरा छापलेली चितेंगे गुंडाळलेल्या बायका. एकेकीच्या कमरेवर चार-चार माक्वाक्वा हसत होते. तो न्गोनी जमातीचा, मी बेम्बा. आमच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली आणि मग दमून ठरवलं की इथून पुढे फक्त तोंडाने भांडायचं. तेव्हापासून आम्ही त्यांना उंदीरखाऊ म्हणतो, ते आम्हाला माकडखाऊ म्हणतात, आणि जो रागावेल तो हरला. असं हे थट्टेचं नातं. न्गोनी माणूस समोर आला आणि त्याला काही लागट बोलले नाही, तर ते ओळख न दाखवल्यासारखं होतं. म्हणून मी रीतीप्रमाणे हाक मारली, "ए उंदीरखाऊ! पाच वर्षं कुठल्या बिळात दडला होतास? मांजर मागे लागलं होतं का?" मासळीवाली इतकी हसली की तिच्या हातातलं माप सांडलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. तो थांबला. त्याने गुडघा जरासा वाकवला, तळवे जुळवून हलकीशी टाळी वाजवली, सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशी, आणि म्हणाला, "आई, आपल्या भावना मी समजू शकतो. आपली तक्रार नोंदवून घेतली जाईल." मग त्याच्या मागची वहीवाली बाई पुढे आली. तिने माझं नाव विचारलं, फोन नंबर विचारला, मुपुंडू वस्तीत कितव्या गल्लीत राहता ते विचारलं. मी शाळेतल्या मुलीसारखी सगळं सांगितलं. फेलिस्टस कासोंडे, नववी गल्ली. तोवर तो टोमॅटोवालीपर्यंत पोचला होता.

मिनीबसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, कापेंता तिथेच राहिले. परत जावंसं वाटेना. कोणाला सांगितलं तर म्हणेल, म्हातारीला आता मानही सोसवत नाही. मानाचं मला वावडं नाही. चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली. या शहरातली अर्धी तरणी माणसं मला बघून उठून उभी राहतात आणि मी ते आवडीने घेते. पण मान कोणाकडून घ्यायचा याला काही धरबंध असतो. ज्याने आपल्याला शिव्या द्यायच्या त्याने गुडघा वाकवला की समजावं, याने आपल्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. मला ते आधी कळलं नाही. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं फक्त झालं. गाडी गोल चौकातून वळली, खाणीचं धुराडं डावीकडचं उजवीकडे आलं, आणि मी स्वतःशी म्हणाले, याला यंदा मत देऊ नये. म्हटलं आणि लगेच लाजले. कारण ज्या माणसाने माझ्या नवऱ्यावर माती लोटली त्याच्याविषयी मी हा विचार करत होते, आणि तोही मासळीच्या ओळीतल्या एका शब्दावरून.

बोनिफेस गेला त्याला जुलैत पाच वर्षं झाली. खाणीत माणसं खालीवर नेणारी लिफ्ट चालवायचा. एकवीस वर्षं त्याच खुर्चीवर, त्याच दांड्यावर हात ठेवून, खालून येणाऱ्या घंटेकडे कान लावून. तीन घंटा म्हणजे माणसं आहेत, हळू घे. घरीसुद्धा त्याचे कान तसेच असत, मी स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवलं तर बाहेरून विचारायचा, "काय झालं?" मतदानाच्या बाबतीत मात्र त्याचं तत्त्व ठरलेलं होतं. आहे त्यालाच पुन्हा द्यायचं. "अगं, याचं पोट भरत आलंय. नवा आणलास तर पहिल्या घासापासून सुरुवात." मी त्याच्याशी वाद घालत असे आणि आत जाऊन बहुतेक वेळा त्याच्यासारखंच करत असे. तो गेला तेव्हा मी तीन दिवस रडले नाही. बायकांनी खोलीतलं सामान बाहेर काढून चटया अंथरल्या, मला भिंतीला टेकवून बसवलं, एकेक जण येऊन गळ्यात पडून आक्रोश करून जाई आणि मी तिच्या पाठीवर थोपटत असे, जणू तिचंच कोणी गेलं होतं. माझी म्वापे सोल्वेझीहून आली, तिला वाटलं आईला वेड लागलं. मला कळत होतं सगळं. फक्त आतून काही वर येत नव्हतं. एखाद्या बाईला कळा थांबतात ना, तशी मी थांबले होते, आणि अशा बाईचं पुढे काय होतं ते मला चांगलं माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माक्वाक्वा आला. तेव्हा तो खासदार नव्हता, खाणीतल्या युनियनचा पुढारी होता आणि पहिल्यांदाच उभा राहिला होता. मतदान तीन आठवड्यांवर. आल्या आल्या त्याने बोनिफेसचं हेल्मेट खुंटीवरून काढून डोक्यावर चढवलं, त्याचा कामाचा डगला घातला आणि अंगणात खुर्ची मांडून बसला. अगदी बोनिफेससारखी मान तिरकी करून. कोणीतरी ताटली वाजवली की तो दांडा ओढल्यासारखं करी आणि ओरडे, "तीन घंटा! माकडं खाली चाललीत, हळू घ्या रे!" बायका रडता रडता थबकल्या. मग तो खोलीत शिरला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "काय गं माकडखाऊ, नवरा मेला आणि तू भिंतीला बसलीस? चल, रडून दाखव. नाहीतर आम्हाला वाटेल तूच मारलास." मी त्याच्याकडे बघितलं. हेल्मेट त्याला मोठं होत होतं, कानांवर आलं होतं. मला हसू फुटलं, आणि हसण्याच्या मागोमाग ते सगळं बाहेर आलं, तीन दिवसांचं. मी त्या उंदीरखाऊच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. प्रेताची गाडी निघाली तेव्हा तो रस्त्यात आडवा झोपला, बोनिफेसचे बूट मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणून. म्वापेने बूट दिले तेव्हा उठला. आणि दफनभूमीत फावडं त्याने कोणाच्या हाती दिलं नाही. ते थट्टेच्या नात्यातल्या माणसांचंच काम असतं हे खरं, पण चार-पाच जण असतात आणि आळीपाळीने करतात. त्याने एकट्याने अर्ध्याहून जास्त माती लोटली. चांगल्या कापडाची पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली. शेवटी त्याने तळहात बघितले, तेव्हा मलाही दिसले. फोड आलेले, एक फुटलेला.

आणि तिथेच, मातीच्या त्या ढिगाजवळ, फावड्यावर टेकून तो बोलला. हे मी मुद्दाम आठवून आठवून पाहिलं आहे, कारण मतदानाआधीच्या त्या बारा दिवसांत माझं सगळं त्यावरच अडलं होतं. कोणीतरी विचारलं होतं, "काय उंदीरखाऊ, आमची मतं मागायला आलास ना?" तो म्हणाला, "आलोय तर! पण माकडांनो, मला मत द्याल तर पस्तावाल. मी राजधानीत, लुसाकाला जाऊन गुबगुबीत होईन. पाच वर्षं तोंड दाखवणार नाही. ही सिस्टर प्रसूतिगृह मागते म्हणे! तिला खिडकीपर्यंत भिंती बांधून देईन, पुढचं तुम्ही झाडावर चढून बाळंत व्हा." सगळी दफनभूमी हसली. पाळकसुद्धा पुस्तकाआड हसला. आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले. तीन आठवड्यांनी आम्ही सगळ्यांनी त्याला मतं दिली.

ते प्रसूतिगृह आज खिडकीपर्यंतच आहे. निवृत्त होण्याआधी मी त्याच्यासाठी सात अर्ज केले होते. तो निवडून आला त्या वर्षी पाया खणला, विटा आल्या, भिंती उभ्या राहिल्या आणि बरोबर खिडकीच्या उंचीवर काम थांबलं. आत आता एरंड उगवला आहे आणि पलीकडच्या गल्लीतल्या शेळ्या दुपारच्या सावलीला बसतात. तो थट्टेत बोलला ते अक्षरशः खरं केलं. सभांमध्ये, माईकवर, टाय लावून जे बोलला होता ती बोलाचीच कढी. म्हणजे हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोललाच नाही, असंही म्हणता येईल. हा विचार मला भाजीच्या वाफ्याला पाणी घालताना आला आणि मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. खरं बोलणाऱ्याला शिक्षा करायची का? की आपण ऐकलं नाही म्हणून आपल्यालाच? बोनिफेस म्हणायचा, घंटा वाजते तशी ऐकावी, आपल्याला हवी तशी ऐकू नये. एकदा एकाने चार ऐकून दोन समजल्या होत्या. त्या गोष्टीचा शेवट तो कधी सांगत नसे.

शेजारची प्रिस्का बसथांब्यावर वितुंबुवा तळून विकते. ते पिठाचे गरम गोळे कागदात बांधून ती मला रोज सकाळी कुंपणावरून देते. मतदानाच्या आदल्या सोमवारी बघितलं तर तिनेही माक्वाक्वाचं चितेंगे गुंडाळलं होतं. मी म्हटलं, "बाई, हा माणूस तुझ्या बुडावर बसलाय."

"बसू दे," ती म्हणाली. "कापड चांगलं आहे. धुतल्यावर रंग जात नाही, मी बघितलं."

"मतही देणार?"

"देणार तर. तुम्ही नाही देणार?"

गेल्या जूनमध्ये प्रिस्काला कळा सुरू झाल्या तेव्हा आमच्या वस्तीतल्या दवाखान्याने, तिथे बाळंतपणाची खोलीच नाही म्हणून, नेहमीप्रमाणे मोठ्या इस्पितळाकडे बोट दाखवलं. मी तिच्याबरोबर मिनीबसमध्ये बसले. गोल चौकात ट्रक आडवा पडला होता, खाणीचं काहीतरी अवजड सामान घेऊन, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या. मी माणसं उतरवली, मागच्या सीटवर माझंच चितेंगे अंथरलं. चौतीस वर्षांत मी असंख्य बाळं काढली, नाळ गळ्याभोवती असलेलीही काढली. याची नाळ आधी बाहेर आली. नीट उजेडात, टेबलावर, आणखी दोन हात असते तर मी काय केलं असतं ते मी पायरी-पायरीने सांगू शकते. मुलगी होती. पूर्ण भरलेली, नखंसुद्धा आलेली. रडली नाही.

"म्वापेच्या आई," प्रिस्का कुंपणाला टेकून म्हणाली, "तुम्ही विसरलात? पेटी त्याने पाठवली होती. पांढरी. आतून सॅटिन लावलेली. त्याच संध्याकाळी. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आला. माझ्या घरच्यांपैकी निम्मे आले नाहीत, पण तो आला."

"आला. खरं आहे."

"मग? खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने."

"पेटी आली संध्याकाळी," मी म्हटलं. "खोली नाही आली पाच वर्षांत."

प्रिस्काने माझ्याकडे असं बघितलं की मी बोलले त्याची मला लाज वाटली. ती हळूच म्हणाली, "खोलीचं मला काय करायचंय आता?" मग कागदाचं पुडकं माझ्या हातात देऊन निघून गेली. त्या सकाळी माझ्याने ते गोळे खाववले नाहीत. मला तिचा राग आला नाही, माझाच आला. पण एक गोष्ट तिथे कुंपणापाशी मला स्वच्छ दिसली, आणि दिसल्यावर मागे घेता येईना. हा माणूस मरणाला हजर असतो आणि जन्माला गैरहजर. वस्तीत कोणाचंही मरण असो, त्याची पेटी येते, मक्याच्या पिठाचं पोतं येतं, आणि जमलं तर तो स्वतः येतो, फावडं उचलतो, हसवतो. ते तो मनापासून करतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते फोड कोणाला रंगवता येत नाहीत. पण माझं सगळं आयुष्य दुसऱ्या दारावर गेलं. आणि त्या दाराशी तो कधी उभा राहिला नाही.

दुसरीकडे, त्याच्या विरोधात, यूनिस मुताले उभी होती. निवृत्त मुख्याध्यापिका, बेम्बाच. त्यामुळे काही जण म्हणत, आपली ती आपली. मला त्यात रस नव्हता. आपली म्हणून मी तिला आधीपासून ओळखत होते आणि म्हणूनच ती मला आवडत नव्हती. म्वापे सातवीत असताना तिने तिला एका शाईच्या डागासाठी भर दुपारी ध्वजाच्या खांबाखाली उभं केलं होतं. ती कोणाच्या मयताला जात नाही. गेलीच तर दहा मिनिटं बसते, घड्याळ बघते, उठते. तिच्या सभेला मी गेले कारण ती आमच्याच चर्चच्या सभागृहात होती आणि बाहेर वारा होता. ढोल नाहीत, कापडं नाहीत. फळ्यावर खडूने लिहून बोलली. कोणीतरी प्रसूतिगृहाचं विचारलं तेव्हा म्हणाली, "मी बांधून देईन असं वचन देत नाही. ते माझ्या हातात नाही. दर तीन महिन्यांनी मी त्याचं काय झालं ते विचारीन आणि उत्तर इथे येऊन याच फळ्यावर लिहीन. उत्तर वाईट असलं तरी लिहीन." टाळ्या पडल्या नाहीत. मागे एक म्हातारा झोपला होता, तो घोरला. मला वाटलं, काय ही बाई, मतं मागायचंही येत नाही हिला. आणि घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. उत्तर वाईट असलं तरी लिहीन.

गुरुवारी उजाडायच्या आत मी प्राथमिक शाळेच्या रांगेत होते. ऑगस्टचा कोरडा वारा, धुळीचा वास, पुढे शंभरेक माणसं. ब्लँकेटं पांघरलेल्या बायका, पाठीवर पोरं. रांगेत माणूस विचार करत नाही, विचार त्याला करतात. मला बोनिफेस आठवला. तो असता तर म्हणाला असता, पोट भरत आलेल्याला दे. मला म्वापे ध्वजाच्या खांबाखाली दिसली. मला ते तळहात दिसले, सारखे दिसले. ज्याने तुझ्या माणसाला माती दिली त्याला तू मत देणार नाहीस, तर तू कोण? मग बाजारातला वाकलेला गुडघा दिसला आणि वाटलं, बरं झालं की, त्यानेच नातं सोडलं, आता मी मोकळी. पण तेही खरं नव्हतं. मी बारा दिवस त्याच्या गुडघ्याचा राग धरून बसले होते कारण राग सोपा होता. त्या दिवशी बाजारात ढोल होते, गर्दी होती, वहीवाली होती. कोणीतरी त्याला शिकवलं असेल की खासदाराने असं बोलावं, तसं बोलू नये. नातं असं एका शनिवारी तुटत नाही. तो अजून माझा उंदीरखाऊच होता. उद्या मी मेले तर त्यानेच मला नावं ठेवत माझ्यावर माती लोटावी, असं मला आताही वाटत होतं. आणि हे वाटतं आहे तोवरच मला नेमकं उमगलं की याचा आणि आतल्या कागदाचा काही संबंध नाही. थट्टेच्या नात्यातला माणूस मरणाला येतो ते मतासाठी नाही. त्याने यायचंच असतं. त्याचे आभारसुद्धा मानायचे नसतात. आभार मानले तर तो त्याचा अपमान. मग मत देऊन फेड कसली करायची? पाच वर्षांपूर्वी मी तीच केली होती. मी खासदार निवडला नव्हता, फावडं निवडलं होतं.

आत त्यांनी माझं कार्ड बघितलं, अंगठ्याला शाई लावली, चार कागद दिले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी खासदाराचा कागद उलगडला. त्याचा फोटो वरून दुसरा होता. हसरा, टाय लावलेला. खाली यूनिस मुताले, कपाळाला आठ्या. निवडणुकीच्या कागदावरसुद्धा ही बाई कोणालातरी रागावत होती. मी फुली मारली, तिच्या समोर. बाहेर येऊन पटांगणातल्या नळावर तोंड धुतलं तेव्हा मला रडू येत होतं.

तो हरला. शनिवारी दुपारी रेडिओवर आलं. प्रिस्काच्या घरातून काही आवाज आला नाही. सकाळी पुडकं मात्र कुंपणावर होतं. रविवार गेला, सोमवार गेला. बाजारात कोणीतरी म्हणालं, त्याच्या दाराशी आता कुत्रं फिरकत नाही. पक्षाची माणसं गाडीसुद्धा घेऊन गेली. गरज सरो, वैद्य मरो. आणि तेव्हा मला काहीतरी टोचलं. माणसाची पाच वर्षांची खुर्ची गेली म्हणजे ते मरणच की. आणि मरणाच्या घरी थट्टेच्या नात्यातल्यांनी जायचं असतं. ते माझं काम होतं, आणि चार दिवस मी ते टाळत होते.

मंगळवारी सकाळी मी बोनिफेसच्या वेळचा काळा रुमाल डोक्याला बांधला आणि गेले. त्याचं घर वरच्या भागात, लोखंडी दरवाजाचं. दरवाजा उघडाच होता. मी अंगणात मधोमध फतकल मारून बसले, धूळ उडवली आणि मोठ्याने आक्रोश सुरू केला. "अगं माझ्या खुर्चीबाई! कुठे गेलीस गं! या उंदीरखाऊला पोरका करून गेलीस गं! आता हा लुसाकात कोणाच्या मांडीवर झोपेल गं!" त्याची बायको घाबरून बाहेर आली, मला बघून तिने तोंडावर हात ठेवला. मागून तो आला. बनियन, रबरी चपला, दाढी वाढलेली. चार दिवसांत माणूस निम्मा झाला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवून आणखी जोराने रडले, "बघा बघा, प्रेत चालायला लागलं!" तो दारात उभा होता, ओठ घट्ट मिटून, आणि मला वाटलं आता हा पुन्हा गुडघा वाकवतो. मग त्याचं तोंड वाकडं झालं. तो पायरीवर खाली बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता हुंदका आला, आणि तो हातांत तोंड घालून रडला. मी उठून त्याच्या शेजारी पायरीवर बसले. पाठीवर थोपटलं नाही. थोपटायचं नसतं.

बऱ्याच वेळाने त्याने बनियनच्या टोकाला तोंड पुसलं. म्हणाला, "कोणी आलं नाही गं. तू पहिली."

"माकडं सकाळी लवकर उठतात," मी म्हटलं.

"खरं सांग," तो म्हणाला. "तू तरी मला मत दिलंस ना?"

मी याच्यासाठीच आले होते, हे मला तेव्हा कळलं. डोक्याचा रुमाल सोडला, मांडीवर घडी केली, आणि त्याच्याकडे सरळ बघत, थट्टेचा सूर अजिबात न लावता म्हटलं, "नाही. मी यूनिस मुतालेला दिलं."

तो मांडीवर थाप मारून हसला. असा हसला की पायरी हलली. "ऐकलंस का?" त्याने बायकोला हाक मारली. "ही म्हातारी! ही म्हणते हिनेच मला मारलं! आणि कोणाला मत दिलं, तर त्या मास्तरणीला!" बायकोही हसली, त्या घरात चार दिवसांत पहिल्यांदा कोणी हसत असावं. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मी म्हटलं, "झेब्रॉन, खरंच नाही दिलं." मी त्याला नावाने कधी हाक मारत नाही. तो आणखी हसला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, "पुरे, पुरे, मारून टाकशील," असं म्हणत त्याने माझा हात धरला. आणि मला दफनभूमी आठवली. आम्ही सगळे हसत होतो आणि हा फावड्यावर टेकून आमच्याकडे बघत उभा होता, शब्द संपले तरी काही वेळ तसाच. कोणी एकाने विचारलं असतं की हे खरं का रे, तर कदाचित त्याने काही वेगळं सांगितलं असतं. विचारायला मीच सर्वांत जवळ होते. त्याचा तळहात माझ्या हातावर होता, खरखरीत, गरम. आतून त्याची बायको विचारत होती, "सिस्टर, जेवून जाणार ना?" मी हो म्हटलं. मत दिलं नाही, हे मात्र तिसऱ्यांदा सांगितलं नाही.